'नवी संसद फुकटात झाली' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पंधरा दिवसांपासून आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय. दिल्लीतली नवी संसद फुकटातच झाली, कारण वर्षाला 1000 कोटी भाडं वाचतं, जुनी बिल्डिंग भूकंपात पडली असती, आणि शाळा-दवाखान्याचा पैसा वेगळा असतो, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही, वर लोकांना रोजगार पण मिळाला, असं त्यात लिहिलंय. माझ्या मावसभावानं पण टाकला. त्याला उत्तर देतो म्हणलं होतं, ते हे.

दादा, संसद भाड्याच्या जागेत कधी नव्हतीच. 1927 पासून ती गोल बिल्डिंग सरकारचीच आहे. भाडं वाचणार हे सरकार बोललं ते मंत्रालयांच्या ऑफिसांबद्दल, आणि त्यांच्यासाठी वेगळ्या बिल्डिंगी बांधायला काढल्या, पहिल्या तिन्हीचं टेंडरच 3,000 कोटींच्या वर गेलं. संसदेचं टेंडर वेगळं, 2020 ला 861.90 कोटींना सुटलेलं. सोयाबीन विकल्याची पट्टी दाखवून विहिरीचं कर्ज फिटलं म्हणायचं, असा हा हिशोब आहे.

भूकंपाचं म्हणशील तर दिल्ली भूकंपाच्या जास्त धोक्याच्या झोन 4 मध्ये येते हे खरं, आणि जुन्या संसदेत जागा कमी पडत होती हे पण मला मान्य आहे. पण ती पाडली नाही, 2023 ला संविधान सदन नाव देऊन ठेवली. आणि आपण औसा तालुक्यातली माणसं, 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट आपल्या घरातल्यांनी बघितलीय. मग धोकादायक छताची काळजी दिल्लीपुरतीच का? माझी पुतणी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. तिच्या वर्गाच्या स्लॅबच्या सळया उघड्या पडल्यात, गंजून फुगल्यात, पाऊस आला की फळ्यावरून पाण्याचे ओघळ येतात, म्हणून गुरुजींनी तिसरी-चौथी एकत्र व्हरांड्यात बसवलीय, आणि एका टोकाला तीसचा पाढा चालू असतो तेव्हा दुसऱ्या टोकाच्या लेकरांना धडा ऐकू येत नाही.

आता 'पैसा वेगळ्या हेडमधला', म्हणजे बजेटातल्या वेगळ्या खात्यातला, हा मुद्दा, ह्याचाच मला जास्त राग आला. एप्रिल 2020 मध्ये कोरोनाचं कारण देऊन खासदार निधी दोन वर्षांसाठी बंद केला, म्हणजे एका खासदारामागं वर्षाचे 5 कोटी, ज्यातून गावात वर्गखोली, पाण्याची टाकी, रस्ता होतो. नोव्हेंबर 2021 ला परत चालू केला तेव्हा त्या वर्षाचे राहिलेले म्हणून 2 कोटीच दिले. मराठवाड्याचे आठ खासदार धर, प्रत्येकाचे 8 कोटी गेले, म्हणजे 64 कोटी. आणि त्याच 2020 च्या सप्टेंबरात संसदेचं टेंडर सुटलं, डिसेंबरात भूमिपूजन, 28 मे 2023 ला उद्घाटन. हेड वेगळं असेल रे, पण तिजोरी एकच, आणि अडचणीच्या वर्षात कुणाचं काम थांबवायचं आणि कुणाचं चालू ठेवायचं हे ठरवणारी माणसं पण तीच. रोजगार मिळाला म्हणतोस, तो शाळा बांधली असती तरी मिळालाच असता, आपल्याच गवंड्यांना.

नव्या बिल्डिंगीला माझा विरोध नाही. आधी कुणाचं छत, एवढंच विचारतोय. पुतणीच्या त्या वर्गखोलीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती मोडकळीला आली म्हणून पाडायच्या मंजुरीचा, प्रस्ताव जाऊन तिसरं वर्ष लागलं. मागच्या सोमवारी तालुक्याच्या ऑफिसात विचारायला गेलो तर फाईल जिल्ह्याला गेली म्हणाले, आता जिल्ह्याला जाणार आहे, तू पण चल.