गर्दी २६४ वरून ४९ वर आणण्याची सोपी कृती

कॅज्युअल्टीतली गर्दी मोजून पाठवायचं फर्मान आलंय? घाबरू नका. गर्दी कमी करायला खाटा लागतात, माणसं लागतात, पैसा लागतो. गर्दीचा आकडा कमी करायला एक पेन पुरतं, आणि ते स्टोअरमध्ये नसलं तरी कुठल्या ना कुठल्या नातेवाइकाच्या खिशाला असतंच.

मोजपट्टी ‘नेडॉक्स’ घ्या. २००४ सालची, अमेरिकेची. त्यामुळे बैठकीत कोणी शंका काढणार नाही. विभागातल्या एकूण रुग्णांना तिथल्या खाटांनी भागायचं आणि ८५.८ नं गुणायचं. दाखल करायचं ठरलंय, पण वर वॉर्डात खाट नाही म्हणून खालीच अडकलेत, अशा रुग्णांना रुग्णालयाच्या एकूण खाटांनी भागून ६०० नं गुणायचं. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णाचे १३.४. या अडकलेल्यांत सगळ्यात जास्त रखडलेल्याचे तासाला ०.९३. शेवटच्या रुग्णाला दारापासून खाटेपर्यंत लागलेल्या वेळाचे तासाला ५.६४. बेरीज करून २० वजा. १०० च्या पुढे गर्दी, १८० च्या पुढे धोका, २०० ला पट्टीच संपते.

(हे गुणक बसवताना प्रमाण काय धरलं होतं? ड्यूटीवरच्या डॉक्टर-नर्सना आत्ता किती गर्दी वाटते, ते. म्हणजे थेट सिस्टरना विचारलं असतं तरी भागलं असतं. पण सिस्टरांचं उत्तर एक्सेलच्या चौकटीत मावत नाही आणि छापताही येत नाही.)

आता साहित्य घ्या: ६०० खाटांचं रुग्णालय, कॅज्युअल्टीत खाटा २०, सोमवारची संध्याकाळ. रुग्ण ४६, त्यातले अडकलेले १४, व्हेंटिलेटरवर तिघं, अडकलेल्यांतलेच एक आजोबा २६ तास ताटकळलेले, शेवटचा रुग्ण दीड तासानं आडवा झालेला. १९७.३ अधिक १४ अधिक ४०.२ अधिक २४.२ अधिक ८.५, उणे २०. झाले २६४.

आधी भाजक वाढवा. बारा स्ट्रेचर, सहा व्हीलचेअर आणि दोन बाकडी ‘खाटा’ म्हणून नोंदवा. इंग्लंडात म्हणे ट्रॉलीची चाकं काढून तिची खाट केली होती. आपल्याकडे चाकं आधीच निखळलेली असतात. १९७ चे ९९ झाले.

मग ते १४. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे वॉर्डाचा नंबर टाका, खाटेच्या रकान्यात ‘फ्लोअर’ लिहा. रुग्ण जागेवरून हलला नाही तरी चालेल. कॅज्युअल्टीत राहिले ३२, म्हणजे ६८.६, अडकलेल्यांचे १४ गेले, आजोबांचे २४.२ गेले. रजिस्टरमध्ये दाखवायचं नसेल तर दाखल करायचं ठरवूच नका. इंग्लंडात बारा तासांची ताटकळ वर्षानुवर्षं दारातून नव्हे, दाखल करायचं ठरल्यापासून मोजत आले. ठरलंच नाही तर घड्याळ सुरू कुठून होणार?

इथे एखादा नवखा रेसिडेंट म्हणेल, ‘सर, गर्दी इथली नाही, वरची आहे.’ त्याला बोलू देऊ नका, कारण तो खरं बोलतोय. राउंड दहाला, डिस्चार्ज कार्ड इंटर्नच्या हातून दोनला, योजनेचे कागद चारला, घरची गाडी सहाला. आणि ओपीडी बंद झाल्यापासून खाली रीघ लागलेली. बरा झालेला माणूस शर्ट घालून खाटेवर बसलाय आणि आजारी माणूस खाली फरशीवर. बाराच्या आत डिस्चार्ज दिले तर बरेच जण खरोखरच वर जातील. पण त्यासाठी चार विभागप्रमुखांना राउंडची वेळ बदलायला सांगावी लागेल. पेन बरं.

व्हेंटिलेटरचे ४०.२ सोपे आहेत. तिन्ही यंत्रं ‘दुरुस्तीला’ दाखवा आणि अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायचा फुगा, रुग्णाच्या मुलाच्या हातात द्या. दर सहा सेकंदांना एकदा दाबायची, तासाला ६०० वेळा. सूत्रात दुखऱ्या अंगठ्याला रकाना नाही.

उरला दीड तास. केसपेपर खाट मोकळी झाल्यावरच काढा; तोवर रुग्ण ‘आलेला’ नाही. इंग्लंडात रुग्ण आल्यापासून चार तासांत निकाली काढायचा दंडक आला तेव्हा अँब्युलन्स दाराबाहेर अशाच तिष्ठत असायच्या. सहा मिनिटांत खाट, गुण ०.६.

६८.६ अधिक ०.६ उणे २० म्हणजे ४९. पट्टीवर शेरा: ‘कामात आहे’. गर्दी नाही.

पाहणीला पथक आलंच तर आकडा तयार ठेवा, चहा सांगा आणि त्यांना पोर्चातून आणू नका. एक्स-रेच्या मागचं दार उघडून घ्या. किल्ली वॉर्डबॉय मामांकडे असते.