सगळ्या विषयांना एकच फूटपट्टी

पीएच.डी.नंतरच्या संशोधनपदांची, म्हणजे आपण ज्याला पोस्टडॉक म्हणतो त्या पदांची, विद्यापीठाची नवी जाहिरात परवा पाहिली आणि डोके फिरले. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, जैवतंत्रज्ञान, संगणकशास्त्र असे सारे विषय एका पानावर आणि अटी सगळ्यांना एकच: पाच वर्षांत पाच शोधनिबंध आणि त्यांच्या नियतकालिकांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची, म्हणजे नियतकालिकातल्या लेखांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा संदर्भ देतात त्या आकड्याची, बेरीज.

माझा एक मित्र थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांवर, काम करतो आणि त्याचे वर्षाला चार निबंध येतात. त्याच्या कष्टांबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याचा सोमवारी बिघडलेला नमुना मंगळवारी पुन्हा बनवता येतो. मी साताऱ्याची, वनस्पतींच्या वर्गीकरणाचे काम करते. कास पठाराचा बहर ऑगस्ट ते ऑक्टोबर, तो हुकला की वर्ष गेले. टोपली कारवीचा सामूहिक बहर तर सात वर्षांतून एकदा येतो. शिवाय इम्पॅक्ट फॅक्टर मोजतो तो मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेले संदर्भ, आणि एखाद्या वनस्पतीचे नेमके वर्णन तीस वर्षांनीसुद्धा कुणीतरी उघडून पाहते. ज्या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, त्याच्यावर आयुष्य घालवणाऱ्याची किंमत या बेरजेत किती भरणार?

गेल्या वर्षी माझी निवड झाली होती, तेव्हाचा प्रकार तर याहून संतापजनक आहे. मुलाखत जूनमध्ये झाली (एस.टी.चे भाडे अर्थात माझेच), नेमणुकीचा आदेश हातात पडला २८ ऑक्टोबरला आणि मुदत होती ३१ मार्चपर्यंत, कारण आर्थिक वर्ष तेव्हा संपते. म्हणजे फुलांच्या अभ्यासासाठी नेमलेल्या बाईला पठारावर वाळलेले गवत मोजायला पाठवले! मुदतवाढ मागितली, तर कार्यालयातले साहेब शांतपणे म्हणाले, “मॅडम, नियम सगळ्यांना सारखाच असतो.” केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १ जानेवारी २०२३ पासून संशोधन सहयोगीला, म्हणजे अशाच पीएच.डी.नंतरच्या पदाला, दरमहा किमान ५८,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता ठरवला आहे, मला मात्र दरमहा एकत्रित ३०,००० सांगितले गेले आणि तेही एप्रिलमध्ये, पद संपल्यावर, एकरकमी मिळाले. तोवर आईच्या निवृत्तिवेतनावर घर चालले. सारखा म्हणवणारा तो नियम मानधनाच्या वेळी कुठे गेला होता?

आता या जाहिरातीच्या अर्जाची शेवटची तारीख २० सप्टेंबर आहे. ऑनलाइन अर्ज भरल्यावरही प्रत्येक निबंधाच्या साक्षांकित प्रतींचे तीन संच टपालाने मागितले आहेत. पठार ऐन भरात असेल आणि मी झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी असेन.