कुत्रा ३० किलोंचा, भाडं ८९ किलोंचं

लॅब्रॅडॉरला विमानाने न्यायचं घरात ठरलं, की तिकिटाच्या आधी शिंपीकामाची टेप शोधावी. ‘आयाटा’ ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना जिवंत जनावरांच्या वाहतुकीची जाडजूड नियमावली काढते आणि पिंजरा केवढा हवा याचं सूत्र तीत दिलेलं आहे. मापं चार. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत ‘ए’. जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत ‘बी’. खांद्यांची रुंदी ‘सी’. जमिनीपासून डोक्यापर्यंत किंवा कानाच्या टोकापर्यंत, जे जास्त भरेल ते, ‘डी’. पिंजऱ्याची लांबी म्हणजे ए अधिक अर्धा बी, रुंदी सीच्या दुप्पट, उंची डी अधिक खालचं अंथरूण. शेपूट हिशेबात नाही.

कागदावर हे सोपं आहे. टेप दिसली की लॅब्रॅडॉरला खेळ सुरू झाला असं वाटतं. तो बसतो, लोळतो, पोट वर करतो आणि खांद्याचं माप घेताना टेपेचं दुसरं टोक त्याच्या तोंडात असतं. एकाने समोर बिस्कीट धरायचं, दुसऱ्याने कुत्रा भिंतीला समांतर उभा करून मोजायचं, तिसऱ्याने लिहून घ्यायचं. एकट्याने घेतलेली मापं साधारणपणे मांजराची निघतात.

समजा, आकडे आले ८५, ३०, २५ आणि ७० सेंटिमीटर. अंथरुणाला ३ धरले तर पिंजरा हवा १०० बाय ५० बाय ७३. नेमका या मापाचा दुकानात नसतो. त्याच्या वरचा तयार प्लास्टिकचा पिंजरा येतो साधारण १०२ बाय ६९ बाय ७६ चा. आता कार्गोचा हिशेब ऐका. तिथे प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे लागतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं. उत्तर येतं ८९ किलो. कुत्रा ३० किलो, पिंजरा ११ किलो, एकूण ४१. उरलेले ४८ किलो ही त्याच्या आजूबाजूची हवा, आणि तिचंही भाडं तुम्हीच भरायचं. हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, विमानात शेवटी जागाच विकतात. पण ज्याने कधी कापसाच्या गाद्या विमानाने पाठवलेल्या नाहीत, त्याला तो पहिल्या झटक्यात पचत नाही.

म्हणून फोनवर पहिला प्रश्न विचारायचा तो हा: कुत्रा माझ्याबरोबर सामान म्हणून जाणार, की स्वतंत्र कार्गो म्हणून? सामान म्हणून गेला तर काट्यावरचं वजन धरतात. मात्र तुमच्या तिकिटावरच्या १५ किलो फुकट सामानात त्याला धरून घ्या असं म्हणायची सोय नाही. सोबत दुसरी बॅग नसली तरी नाही. शिवाय पिंजऱ्यासकट ३२ किलोंची मर्यादा अनेकदा आडवी येते, आणि आपला लॅब्रॅडॉर तिच्या नऊ किलो पुढे आहे. म्हणजे पुन्हा कार्गो, पुन्हा हवा.

मांजरवाल्यांनी एवढ्यात हसू नये. त्यांचा मामला केबिनमधला, पण तिथेही काटा आहेच. देशातल्या निम्म्याहून अधिक विमानप्रवाशांची ने-आण करणारी इंडिगो सेवा-श्वान (अपंग प्रवाशाला मदत करणारा शिकवलेला कुत्रा) सोडून कोणतंही जनावर घेत नाही, त्यामुळे विमानांची यादी सुरुवातीलाच लहान होते. अकासाने नोव्हेंबर २०२२ पासून कुत्री-मांजरं केबिनमध्ये घ्यायला सुरुवात केली तेव्हा मर्यादा ७ किलो होती, पुढे ती १० झाली. एअर इंडियाही नेते. हे आकडे बदलत असतात, म्हणून शेजाऱ्यांच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर तिकीट काढू नका. आणि आकडा कोणताही असो, तो पिशवीसकट असतो. पिशवी दीड किलोची, तळाला ओल शोषणारं पॅड, वर ‘त्याला सवय आहे’ म्हणून कुणीतरी कोंबलेलं खेळणं. सहा किलोंचा पॉमेरेनियन आरामात बसतो. नऊ किलोंचा डॅशहुंड पिशवीमुळे बाद होतो. बीगलचा विषयच नको.

घरी वजन करायची पद्धत साधी आहे. कुत्र्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग त्याच्याशिवाय, आणि वजाबाकी करायची. यात आणखी एका वजनाचा घरभर बभ्रा होतो, त्याला इलाज नाही. वजन जमलं तरी पिशवी मऊ हवी, तळ न झिरपणारा हवा, ती समोरच्या सीटखाली जायला हवी, आणि जनावराला तीत उभं राहून वळता यायला हवं. शेवटच्या दोन अटी एकमेकींशी बोलत नाहीत. सीटखालची उंची ठरलेली आहे आणि लांब पायांचा कुत्रा नेमका तिथेच अडकतो.

आरक्षणाचा क्रम चुकवू नका. एका विमानात मोजक्याच जनावरांना परवानगी असते. म्हणून आधी फोन करून त्या विमानात जागा आहे का ते विचारायचं, मग आपलं तिकीट काढायचं, आणि लगेच पुन्हा फोन करून पीएनआरवर नोंद करून घ्यायची. नोंद कोणत्या कोडने झाली तेही विचारावं: केबिनमधलं जनावर ‘पीईटीसी’, विमानाच्या पोटातलं ‘एव्हीआयएच’. ‘हो सर, रिमार्क टाकलाय’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण काउंटरवर ते कुणालाच दिसत नाही. लेखी मागा. विमानतळावर जाताना पशुवैद्याचं प्रवासास योग्य असल्याचं प्रमाणपत्र आणि रेबीजच्या लसीची नोंद या दोन्हींच्या तीन-तीन प्रती असाव्यात. प्रमाणपत्र किती जुनं चालेल हे कंपनीगणिक बदलतं. मुदत काही दिवसांचीच असते, त्यामुळे आठवड्याभराने परतायचं असेल तर परतीसाठी दुसऱ्या गावातला पशुवैद्य शोधावा लागतो. लोक हे हमखास विसरतात आणि रविवारी सकाळी आठवतं.

पगवाल्यांसाठी वाईट बातमी आहे. मोबाईलच्या जाहिरातीने हा कुत्रा घराघरात पोचवला, पण विमानाच्या पोटात त्याला न्यायला अनेक कंपन्या साफ नकार देतात. बुलडॉग, शिह त्झू, पर्शियन मांजर, सगळी चपटनाकी मंडळी याच यादीत. कारण शास्त्रीय आहे. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्याचा श्वासमार्ग आधीच अरुंद असतो. उकाडा आणि घाबरणं एकत्र आलं की धापा वाढतात, घशाला सूज येते, मार्ग आणखी अरुंद होतो. जिथे नेतात तिथेही सूत्राने आलेल्या मापापेक्षा १० टक्के मोठा पिंजरा मागतात. म्हणजे नाक जेवढं आखूड, तेवढी हवा महाग.

विमानाच्या पोटात हवा नसते, कुत्री गोठतात, या गप्पा सोसायटीच्या ग्रुपवर फिरत असतात. ज्या कप्प्यात जनावरं ठेवतात तिथला हवेचा दाब वर तुमच्या सीटपाशी असतो तेवढाच असतो, आणि तापमानाचीही सोय असते. कप्प्यात जिवंत जनावर आहे हे वैमानिकाला लेखी कळवलेलं असतं. धोका वर नाही, खाली आहे, धावपट्टीच्या कडेला. मे महिन्यात नागपुरात ४५ अंश असताना दुपारी दोनच्या विमानासाठी पिंजरा ट्रॉलीवर वीस मिनिटं उभा राहिला, की आकाशातल्या वातानुकूलनाला काही अर्थ उरत नाही. उन्हाळ्यात पहाटेचं किंवा रात्रीचं विमान घ्यावं, आणि थेट घ्यावं. दुसरी गोष्ट कोरड्या बर्फाची. गोठवलेला माल त्यात जातो. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाला साचतो, म्हणून जनावराचा पिंजरा त्याच्यापासून लांब ठेवायचा नियम आहे. एखादं लहान विमान ऐनवेळी ‘आज जमणार नाही’ म्हणतं, तेव्हा कारण कधीकधी दुसऱ्या कुणाचा तरी गोठवलेला माल असतो.

‘डॉक्टर, झोपेचं काहीतरी द्या’ ही मागणी करू नका. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, तोल जातो, आणि पिंजरा हलला की कुत्रा स्वतःला सावरू शकत नाही. गुंगीतलं जनावर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. औषधाऐवजी महिनाभर सराव द्यावा. पिंजरा हॉलमध्ये उघडा ठेवायचा, जेवण त्यातच, मग दार पाच मिनिटं बंद, मग तासभर. प्रवासाच्या दिवशी चार ते सहा तास आधी हलकं खाणं आणि निघण्यापूर्वी लांब फेरफटका. दारावरच्या वाटीत पाणी भरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावं. पिंजरा चढवताना बर्फ सांडत नाही आणि वर गेल्यावर हळूहळू वितळतो. सगळ्या युक्त्यांमध्ये ही सर्वांत स्वस्त आहे आणि तीच सर्वांत कमी लोक करतात.

काउंटरवर पिंजरा नाकारला जातो तो बहुधा दहा रुपयांच्या गोष्टीवरून. दुकानात मिळणाऱ्या पिंजऱ्याचे दोन भाग प्लास्टिकच्या क्लिपांनी जोडलेले असतात. विमानाला तिथे लोखंडी नट-बोल्ट लागतात, कारण पडल्यावर क्लिपा सुटतात. चाकं असतील तर ती काढावी लागतात. तारेचा घडीचा पिंजरा चालत नाही. दाराला कुलूप लावायचं नाही, आणीबाणीत ते उघडता यायला हवं. दाराच्या कोपऱ्यांना केबल टाय मात्र बांधावेत आणि चार जादा खिशात ठेवावेत, कारण सुरक्षा तपासणीत आधीचे कापले जातात. तपासणीत पिंजरा रिकामा करून एक्स-रेमधून जातो आणि जनावर तुमच्या हातात राहतं. कुत्रा या वेळी सीआयएसएफच्या जवानाशी मैत्री करतो. मांजर अशी मैत्री करत नाही. त्याला घरूनच हार्नेस घालून दोरी मनगटाला गुंडाळलेली नसेल, तर पुढचा अर्धा तास प्रस्थान कक्षातले सगळे प्रवासी छताकडे बघत असतात.

परदेशी न्यायचं असेल तर टेप बाजूला ठेवून कॅलेंडर घ्या. युरोपीय संघासाठी क्रम असा: आधी कातडीखाली १५ अंकी ओळख क्रमांकाची मायक्रोचिप, तिच्यानंतर रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, प्रतिपिंडं ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलीलिटर किंवा जास्त, आणि नमुना घेतल्यापासून ३ महिने थांबायचं. सगळं सरळ गेलं तरी चार महिने. चिपच्या आधी टोचलेली लस धरत नाहीत, मग ती कालच टोचलेली असो. निघताना केंद्र सरकारच्या अॅनिमल क्वारंटाइन कार्यालयाचा दाखला लागतो. महाराष्ट्रात ते मुंबईत आहे, त्यामुळे पुण्याच्या कुत्र्याला परदेशाआधी मुंबई बघावी लागते.

ब्रिटन आणखी कडक. तिथे विमानाने येणारा कुत्रा कार्गो म्हणूनच उतरतो, आणि येण्याआधी १ ते ५ दिवसांत जंताचं औषध दिल्याची पशुवैद्याची नोंद हवी. त्यामुळे काहीजण युरोपात उतरून, गाडीत बसून, समुद्राखालच्या बोगद्यातून कुत्र्याला इंग्लंडात नेतात. हे सरळ कायदेशीर आहे. चार महिन्यांचं कॅलेंडर तिथेही सुटत नाही.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. कुत्रा किमान ६ महिन्यांचा आणि चिप असलेला हवा. भारत रेबीजच्या जास्त जोखमीच्या देशांत मोडतो, त्यामुळे इथली लस घेतलेल्या कुत्र्याला ठरावीक विमानतळांवरच उतरता येतं. नियम लागू झाला तेव्हा असे विमानतळ सहा होते. त्यात न्यूयॉर्कचं जेएफके आहे, शेजारच्या न्यू जर्सीतलं नेवार्क नाही. न्यू जर्सीतल्याच एडिसन गावच्या मराठी कुटुंबाला घरापासून अर्ध्या तासावरचा विमानतळ सोडून कुत्र्यासाठी शहर ओलांडून जावं लागतं. याच नेवार्कवर जानेवारी २०१८ मध्ये एक बाई ‘भावनिक आधार’ म्हणून मोर घेऊन आल्या होत्या. मोराचं वेगळं तिकीट काढल्याचं त्यांचं म्हणणं होतं. विमानात मोराला घेतलं नाही, त्याचं वजन आणि आकार बसत नव्हता.

परत भारतात यायचं असेल तर सीमाशुल्काचा नियम वेगळाच आहे. परदेशात सलग दोन वर्षं राहून कायमचं परतणाऱ्यालाच सामान म्हणून पाळीव प्राणी आणता येतो, आणि तेही माणशी दोनच. दोन कुत्रे आणि एक मांजर असेल तर मांजर जोडीदाराच्या नावावर घ्यावं. फक्त त्याआधी जोडीदाराचा पासपोर्ट उघडून त्याची दोन वर्षं भरली आहेत का, ते पाहून घ्या.