कॅम्पबेल बेला बदली झालेल्या अधिकाऱ्यासाठी काही हिताच्या सूचना

आपल्या बदलीच्या हुकमावर कॅम्पबेल बे हे नाव आले असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. घरी ही बातमी सांगताना 'अंदमान' हा शब्द शक्यतो टाळावा. तो कानी पडताच घरातील एखादे ज्येष्ठ काळ्या पाण्याचा विषय काढतील, शेजारी सेल्युलर जेलसमोर काढलेली आपली छायाचित्रे घेऊन येतील आणि आपण तेथेच निघाला आहात असा सर्वांचा गोड गैरसमज होईल. मराठी माणसाचे अंदमान त्या तुरुंगाच्या फाटकापाशी सुरू होते आणि सायंकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम आटोपला की संपते. आपले गाव तेथून पाचशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला, ग्रेट निकोबार बेटावर आहे आणि त्याला पोर्ट ब्लेअरपेक्षा (२०२४ पासून श्री विजयपुरम म्हणावे) इंडोनेशियाचे सुमात्रा कितीतरी जवळ आहे. ही माहिती मात्र मुलांच्या आजीला सांगू नये.

रुजू होण्याची घाई करू नये, कारण ती करून उपयोग नाही. हेलिकॉप्टरच्या जागा मोजक्या असतात, जहाजाला वाटेतील बेटे घेत पोहोचायला दोन-तीन दिवस लागतात आणि समुद्राने मनावर घेतले तर तेवढ्यावरही भागत नाही. घड्याळ मात्र मुख्य भूमीचेच चालते. भारतीय प्रमाणवेळ आणि तेथील सूर्य यांच्यात सुमारे पाऊण तासाचा मतभेद असल्याने आपण कार्यालयात पोहोचाल तेव्हा उन्हे पार वर आलेली असतील आणि सायंकाळी दप्तर बांधेपर्यंत अंधार पडू लागलेला असेल. सूर्याला याबाबत पत्र लिहू नये. पूर्वीच्या अधिकाऱ्यांनीही लिहिलेले नाही.

गाव पाहण्यास फारसा वेळ लागत नाही. ९१० चौरस किलोमीटरच्या बेटावर २०११ च्या जनगणनेत जेमतेम आठ हजार माणसे मोजली गेली आणि त्यांतली बरीचशी या गावात व त्याच्या आसपास आहेत. सहाय्यक आयुक्तांचे कार्यालय, धक्का, बाजार, शाळा आणि २०१२ मध्ये कार्यान्वित झालेला नौदलाचा 'आयएनएस बाज' हा तळ एवढे पाहिले की उरते ते जंगल, आणि तेच सर्वाधिक उरते. पावसाबद्दल कोकणातून येणाऱ्यांनी फुशारकी मारू नये. आपला पाऊस चार महिने कोसळून रजेवर जातो. तेथे नैर्ऋत्य मोसमी वारे थकले की ईशान्येचे कामावर हजर होतात. सोबत नेलेल्या चामड्याच्या पाकिटावर महिन्याभरात हिरवट लव धरेल, कपाटाच्या बिजागऱ्या गंजून कुरकुरू लागतील आणि फायलींचे कोपरे हातात पापडासारखे मोडण्याऐवजी ओल्या पोळीसारखे लोंबतील. यात चिंतेचे कारण नाही. नकोसे कागद निकाली काढण्याची इतकी विनाखर्च व्यवस्था मंत्रालयालाही साधलेली नाही.

शेजार उत्तम मिळेल. १९६९ पासून सरकारने माजी सैनिकांची तीनशेहून अधिक कुटुंबे जंगल तोडून येथे वसवली. पंजाबपासून केरळपर्यंतच्या या माणसांत महाराष्ट्रातलेही होते. गोविंदनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर अशी त्यांच्या गावांची नावे ऐकून आपण पुण्याच्या एखाद्या उपनगरात आल्याचा भास होईल; परंतु पत्ता विचारला की उत्तर अमुक किलोमीटरला राहतो असे येते, कारण रस्त्यावरचा दगड हीच तेथे ओळख. त्या रस्त्याचा बराच भाग त्सुनामीने खाल्ला, पण किलोमीटर जागचे हलले नाहीत. वसाहतीतल्या नारळीबागेत तिसरा वाटा माकडांचा असतो. लांब शेपटीचे हे माकड शहाळे तोडून, एक घोट घेऊन, उरलेले आपल्या अंगणात टाकते. नुकसानभरपाईचा अर्ज आल्यास सहानुभूतीने वाचावा. वाचण्याला खर्च नसतो.

कारभार कसा करावा हे शिकण्यासाठी कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात न जाता निकोबारी मेगापोड या पक्ष्याचे निरीक्षण करावे. कोंबडीएवढा हा पक्षी अंडी उबवत बसण्याच्या फंदात पडत नाही. वाळू आणि पालापाचोळा यांचा माणसाच्या कमरेएवढा ढीग रचायचा, त्यात अंडे पुरायचे आणि चालू लागायचे. ढीग कुजताना जी ऊब सुटते तीवर पुढचे सगळे होते. पिल्लू स्वतःच उकरून बाहेर येते आणि आई-बापांची वाट न पाहता कामाला लागते. आपल्या मेजावरील ढिगाकडे या दृष्टीने पाहिल्यास मनःशांती लाभेल. फरक असलाच तर इतकाच, की मेगापोडच्या ढिगातून काहीतरी बाहेर येते.

जंगलाविषयी लिहिताना 'निर्मनुष्य' हा शब्द हाताशी ठेवावा, कारण वरच्या कार्यालयांना तो फार आवडतो. जंगलात शोंपेन आदिवासी राहतात. जनगणनेने त्यांची संख्या २२९ नोंदवली, पण ती मोजणी किती भरवशाची हे जंगलालाच ठाऊक. केवड्याच्या कुळातील ज्या झाडाचे पान आपण गणपतीला वाहतो, त्याच्या भाईबंदांचे फळ हे त्यांचे अन्न आहे. पण त्यांच्यापाशी ना सातबारा आहे ना ईमेल, त्यामुळे हरकती व सूचना मागवण्याची मुदत त्यांच्याकडून अगदी शांततेत पार पडते.

आता मोठ्या कामाचे सांगतो. सुमारे ७२ हजार कोटी रुपयांचा प्रकल्प आपल्या बेटावर यायचा आहे: मालवाहू बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि लाखो माणसांचे शहर. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळती करायची असून साडेनऊ लाखांहून अधिक झाडे जाऊ शकतात असा सरकारी अंदाज आहे. पर्यावरणाच्या नावाने गळा काढणाऱ्यांना आपण शांतपणे सांगावे की भरपाईची झाडे हरियाणात लावली जाणार आहेत. निकोबारच्या वर्षावनातील खेकड्याला दिल्लीलगत सावली मिळणार, याहून राष्ट्रीय एकात्मता ती कोणती? महाकाय लेदरबॅक कासवांचे विचारले, तर ती जेथे अंडी घालतात त्या गॅलाथिया उपसागराचे अभयारण्य २०२१ मध्येच रद्द झाल्याचे नमूद करावे. कासवांना कळवले का, असा उपप्रश्न कोणी विचारल्यास तो टपाल खात्याकडे वर्ग करावा.

नावांची गंमत जाता जाता सांगतो. गॅलाथिया हे नाव १८४६ मध्ये येथे आलेल्या डॅनिश जहाजाचे, आणि भारताचे दक्षिणतम टोक असलेल्या इंदिरा पॉइंटचे जुने नाव पिग्मॅलियन. ग्रीक कथेत पिग्मॅलियन हा स्वतःच घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडलेला शिल्पकार आणि गॅलाथिया ही ती मूर्ती. वातानुकूलित दालनात बसून बेटाचा सुबक नकाशा पडद्यावर दाखवणारे आपले वरिष्ठ तो पाहताना असे का हरखतात, हे आपल्याला यावरून समजेल. त्याच टोकाची जमीन २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात चार मीटरहून अधिक खचली आणि दीपगृहाच्या पायथ्याशी समुद्र आला. हे नकाशात दाखवल्यास रंगसंगती बिघडते.

एक भेट आपल्याला टाळता येणार नाही. त्सुनामीने किनाऱ्यावरची गावे उद्ध्वस्त झाल्यावर जे निकोबारी वाचले, त्यांना कॅम्पबेल बेजवळच्या वसाहतींत आणून ठेवले. ते आपल्या जुन्या गावी परत जाऊ देण्याची मागणी करत आले आहेत. त्यांच्या आदिवासी परिषदेने प्रकल्पाला २०२२ च्या ऑगस्टमध्ये दिलेले ना-हरकत पत्र नोव्हेंबरमध्ये मागे घेतले. ही मंडळी आली की त्यांना बसायला खुर्ची द्यावी, चहा सांगावा, अर्ज दोन्ही हातांनी घ्यावा आणि पोच द्यावी. शिक्क्याची शाई दमट हवेत पसरते, म्हणून तारीख पेनाने वेगळी लिहावी. जुनी पोच घेऊन कोणी आलेच, तर ती फुंकर मारून वाळवावी, दिव्याखाली धरावी आणि विचारावे, की हा अधिकारी कोण होता बुवा?