‘संगणकावर पास केलेलं विष’: त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याला उत्तर

रावेर-यावलच्या केळीवाल्यांपासून शिरपूर-शहाद्याच्या कापूसवाल्यांपर्यंत अनेकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: संगणकावर बसून ‘सुरक्षित’ रसायन तयार करता येतं ही कंपन्यांची थाप आहे. जे किडीला मारतं ते माणसाला मारणारच. निसर्गातलं तेवढंच निर्धोक. विषाची पारख संगणकाला होऊच शकत नाही, तरी त्यावर पास केलेल्या बाटल्या थेट आपल्या शेतात येतायत. आणि सुरक्षित म्हणून विकतात ते परवडत नाही.

मेसेजमागची भीती खरी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पण भीती खरी असली म्हणून मेसेज खरा ठरत नाही, आणि चुकीच्या माहितीची किंमत पाठीवर पंप घेणाराच मोजतो.

सगळ्यात घातक दावा आधी घेतो: ‘किडीला मारतं ते माणसाला मारणारच.’ हे एकदा पटलं की सगळ्या बाटल्या सारख्याच वाटायला लागतात, मग हात स्वस्त बाटलीकडे जातो. कृषी केंद्रात बाटली हातात घ्या आणि लेबलवरचा टोकावर उभा असलेला चौकोन बघा. त्याचा खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. मोनोक्रोटोफॉसचा त्रिकोण लाल. प्रयोगातले निम्मे उंदीर मरायला त्याचे किलो वजनामागे १४ ते १८ मिलिग्रॅम पुरतात. बोंडअळीवर वापरतात त्या क्लोरअँट्रानिलिप्रोलचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या कोराजनचा, त्रिकोण हिरवा. त्याचे किलोमागे ५,००० मिलिग्रॅम देऊनही निम्मे उंदीर मरत नाहीत.

एवढा फरक कशामुळे? मोनोक्रोटोफॉस मज्जातंतूंमधलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं, आणि तेच विकर आपल्याही शरीरात आहे. म्हणून फवारणाऱ्याला घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि दवाखान्यात उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन द्यावं लागतं. क्लोरअँट्रानिलिप्रोल अळीच्या स्नायूंतला कॅल्शियमचा साठा मोकळा सोडतं. अळीचं खाणं थांबतं, ती लुळी पडते. ज्या प्रथिनाला ते चिकटतं तसं प्रथिन आपल्या स्नायूंतही आहे, पण त्याची ठेवण वेगळी आहे. त्यामुळे तिथे ते शेकडो पटींनी कमी परिणाम करतं. हे औषध संगणकाने शोधलेलं नाही, प्रयोगशाळेत रेणूत फेरफार करत करत सापडलेलं आहे. पण किडीचं आणि माणसाचं शरीर रेणूच्या पातळीवर वेगळं ओळखता येतं, हे त्यातून सिद्ध होतं. संगणकावरच्या रचनेचा सगळा पाया तोच आहे: दोन्ही प्रथिनांची आकृती समोर ठेवायची आणि रेणू कुठे बसतो, कुठे बसत नाही, हे आधीच मोजायचं.

हिरवा त्रिकोण म्हणजे पिण्याजोगं, असा अर्थ कुणी काढू नये. हेच औषध पाण्यातल्या बारीक जिवांना फार घातक आहे आणि जमिनीत बराच काळ टिकतं. पंप धुतलेलं पाणी नाल्यात सोडलं तर ते शेवटी तापी-गिरणेतच जातं. रंग फक्त तोंडावाटे किंवा कातडीवाटे लगेच होणाऱ्या विषबाधेबद्दल सांगतो. पर्यावरणाचा हिशेब त्यात नसतो, हा आपल्या लेबलातला मोठा दोष आहे.

‘निसर्गातलं तेच सुरक्षित’ याला फार वेळ देत नाही. बचनाग, धोतरा, एरंडीच्या बियांमधलं रायसिन हे सगळं निसर्गातलंच. तंबाखूचं निकोटिन पूर्वी कीटकनाशक म्हणून सर्रास वापरत, आणि उंदराला ते कारखान्यात बनणाऱ्या इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकापेक्षा कितीतरी जास्त विषारी आहे. इमिडाक्लोप्रिड मधमाश्यांना मारतं म्हणून युरोपने २०१८ मध्ये उघड्या शेतातला त्याचा वापर बंद केला, तेही योग्यच झालं. रेणू कारखान्यात जन्मला की झाडात, यावरून त्याचा गुण ठरत नाही.

‘संगणकाला विष कसं कळणार?’ रेणूच्या घडणीवरून. आणि ही विद्या संगणकाच्याही आधीची आहे. १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेत आणि युरोपात डिटर्जंटच्या फेसाने नद्या भरून गेल्या होत्या. त्यातल्या रेणूंची कार्बनची साखळी फांद्या फुटलेली होती आणि जिवाणूंना ती तोडता येत नव्हती. साखळी सरळ केली, धुण्याचं काम तसंच राहिलं आणि फेस कमी झाला. अशी हजारो निरीक्षणं जमवून त्यातून गणिती नियम काढले, की संगणक नवा रेणू बघून अंदाज देऊ शकतो.

एक साधं उदाहरण घ्या. रेणूला पाणी आवडतं की तेल, हा आकडा त्याच्या तुकड्यांची बेरीज करून काढता येतो. युरिया तेलकट द्रावकापेक्षा पाण्यात शंभर पटींहून जास्त राहतो. डीडीटी उलट, तेलकट द्रावकात दहा लाख पटींहून जास्त. म्हणूनच डीडीटी मासे, गुरं आणि माणूस यांच्या चरबीत साठत गेलं. हा आकडा, आणि रेणू निसर्गात किती लवकर तुटेल याचा अंदाज, आज रेणू तयार होण्याआधीच कळतो.

नियमन करणाऱ्यांनीही हे मान्य केलंय, तेही मोकळं सोडून नव्हे. गोळ्या-औषधांत राहिलेली अशुद्धी जनुकांत बिघाड करेल का, हे तपासण्यासाठी २०१४ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दोन वेगळ्या पद्धतींची संगणकीय भाकितं चालतात. दोन्हींना धोका दिसला नाही तर प्रयोगशाळेतली चाचणी मागत नाहीत. कातडीच्या अ‍ॅलर्जीसाठी ओईसीडीने (मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने) २०२१ मध्ये संगणक आणि परीक्षानळी यांची सांगड घालणारी पद्धत मंजूर केली. उंदरांवरची जुनी चाचणी माणसाबद्दल जितकं बरोबर सांगते, तितकं तरी ही पद्धत सांगतेच. शिवाय ओईसीडीचा २००४ चा दंडक आहे की प्रत्येक मॉडेलने आपली हद्द सांगितली पाहिजे. ओळखीबाहेरचा रेणू आला तर ‘हे भाकीत भरवशाचं नाही’ असं कळलं पाहिजे.

‘मग पास झालं की थेट शेतात.’ हे खोटं आहे. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे. त्याखाली फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे विषारीपणाची प्रत्यक्ष माहिती दिल्याशिवाय कीटकनाशकाची नोंदणी होत नाही. संगणक ही सुरुवातीची चाळणी आहे. वाईट रेणू आधीच बाजूला पडतात, चाळणीतून उतरलेल्यांना पुढच्या सगळ्या चाचण्या असतातच.

आणि जनावरांवर चाचणी झाली म्हणजे निश्चिंत, हेही गृहीतक चुकीचं आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक माणसांना आणि गुरांना वर्षानुवर्षं दिलं गेलं. औषध दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि आपल्या आकाशातून गिधाडं जवळजवळ संपली. कारण २००४ मध्ये उलगडलं, गुरांसाठीच्या वापरावर बंदी २००६ मध्ये आली. गिधाडावर तपासायचं कुणाला सुचलंच नव्हतं. संगणकही असा चुकू शकतो. टायर तडकू नये म्हणून घालतात त्या सिक्स-पीपीडीचं ओझोनशी मिळून दुसरंच संयुग बनतं आणि अमेरिकेतले कोहो सामन मासे मरतात, हे २०२० मध्ये समजलं. म्हणून आता मूळ रेणूबरोबर तो मोडून काय काय तयार होईल, तेही संगणकावर मांडून बघतात.

महाग असण्याबद्दल मेसेजवाल्याशी मी अर्धा सहमत आहे. नवी बाटली महागच असते आणि छोट्या शेतकऱ्याला ती जड जाते. पण कपाशीला कोराजन एकरी ६० मिली लागतं, तेव्हा हिशेब बाटलीचा नको, एकराचा करा. २०२२ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्यांचा मालही आला. भाव पेटंटने ठरतो, त्याचं खापर सुरक्षिततेवर फोडणं बरोबर नाही.

मेसेजच्या शेवटी म्हटलंय, हे विदेशातलं, आपल्याकडे कोण करणार? ओईसीडीचा रेणू तपासायचा टूलबॉक्स फुकट आहे. प्रथिनांच्या आकृत्या प्रोटीन डेटा बँकेत कुणालाही बघता येतात. जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठात रसायनशास्त्र आणि रसायन तंत्रज्ञान दोन्ही शिकवतात. केळीवरच्या करप्यासाठी आपण प्रोपिकोनॅझोल फवारतो. ते बुरशीचं जे विकर अडवतं त्याच्याच कुळातली विकरं माणसाच्या शरीरात हार्मोन तयार करतात, आणि युरोपने २०१८ मध्ये त्याची मंजुरी वाढवली नाही. बुरशीच्या विकरात घट्ट बसणारा पण माणसाच्या विकरात न बसणारा रेणू कसा असेल, हे एमएस्सीचा विद्यार्थी साध्या लॅपटॉपवर प्रकल्प म्हणून तपासू शकतो. खानदेशातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी हा विषय या वर्षीच्या प्रकल्पांच्या यादीत घालावा, अशी माझी विनंती आहे.