शाल आत्ता घाला, बिल दिवाळीनंतर बघू

गल्लीतलं एखादं पोरगं पुण्याला न जाता इथंच बेळगावात धंदा काढतो म्हणालं, तर घाबरून जाऊ नका. अशा वेळी प्रोत्साहन द्यायचं असतं. दोन सत्कार समित्यांवर काम केल्यामुळे ते कसं द्यायचं हे मला चांगलं ठाऊक आहे, तेव्हा सांगतो तसं करा.

सुरुवात दारातच करावी. "काय करूलास सध्या?" असं विचारायचं. तो म्हणेल, "उद्यमबागेत शेड घेतलंय काका, लेझर कटिंगचं मशीन टाकलंय." लगेच खूश होऊन म्हणायचं, "छान छान. आणि नोकरीचं काय?" मग कर्जाचा विषय काढायचा. मुद्रा योजना 2015 पासून आहे, तारण लागत नाही, बँकेत आपली ओळख आहे, असं छातीठोक सांगावं. पुढं साहेबांनी घराचा उतारा मागितला म्हणून त्याचा फोन आला, तर तो उचलायचा नाही. तरुणांनी स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं.

आता मुख्य विषय, म्हणजे सत्कार. त्यासाठी हॉल, पाहुणे, शाली आणि ट्रॉफ्या लागतात. शाली खडेबाजारातून आणाव्यात, रोख पैसे देऊन. शालवाला उधार देत नाही, म्हणून तर त्याचा कुणी सत्कार करत नाही. ट्रॉफ्या मात्र आपल्या पोराकडून करून घ्याव्यात. आम्ही तसंच केलं. बारा ट्रॉफ्या, ॲक्रिलिकच्या, खाली लाकडी बैठक, वर 'उदयोन्मुख युवा उद्योजक'. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मी शेडवर गेलो तेव्हा दोनदा लाइट जाऊन आली होती. अर्धवट कापलेल्या दोन शीटा कोपऱ्यात पडल्या होत्या आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास भरून राहिला होता. पोरगा खाली बसून एकेका ट्रॉफीवरचा संरक्षक कागद नखानं सोलत होता. बारावी ट्रॉफी त्याच्या स्वतःच्याच नावाची होती. आम्ही पाठवलेल्या यादीत ते नाव चुकलं होतं, तेही त्यानंच दुरुस्त करून कापलं. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पाहुण्यांच्या हातून ती घेताना त्यानं चेहऱ्यावर जे आश्चर्य दाखवलं, त्याला तोड नाही.

पाहुणे तासभर उशिरा यावेत. त्यांनी 'नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा' हे वाक्य म्हणावं, आणि म्हणून झाल्यावर व्यासपीठावरच हळूच विचारावं, की आमच्या भाच्याला कुठं चिकटवता येईल का. सत्कारमूर्तीला बोलायला दोन मिनिटं पुरतात. तो "वीज आणि वसुली" एवढं म्हणेपर्यंत चहा आणि कुंदा फिरवायला घ्यावा. स्मरणिकेत त्याची अर्ध्या पानाची जाहिरात असलीच पाहिजे, तिचे पैसे आगाऊ.

राहिलं ट्रॉफ्यांचं बिल. इथं जरा सांभाळून. पोरगं शिकलेलं आहे, लहान उद्योग म्हणून सरकारात 'उद्यम' नोंदणी केलेलं आहे. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे आणि उशीर झाला तर व्याजासकट द्यायचे, असा 2006 चा कायदा आहे. तो त्यानं बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापला होता. मी चष्मा लावून वाचला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "हे कंपन्यांसाठी रे, आपण घरचीच माणसं नव्हे काय?" घरची माणसं म्हटलं की दिवाळीपर्यंत थांबता येतं. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न असतं. मग आपल्या इथं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, त्या गडबडीत कुणाला बिलं आठवतात?

भाषेचा प्रश्न तुम्ही मनावर घेऊ नका, तो पोरानं परस्पर सोडवलाय. पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा कायदा 2024 मध्ये आला आणि बाजारातले लोक बोर्ड बदलायला त्याच्याकडे धावले. सीमाप्रश्नात चार पैसे सुटलेला मराठी माणूस म्हणून खरं तर त्याचा वेगळा सत्कार व्हायला हवा. अर्थात बंद पुकारला, मग तो इकडचा असो की तिकडचा, शटर त्यालाच खाली ओढावं लागतं. बँकेचा हप्ता तेवढा बंद पाळत नाही.

एवढं सगळं करूनही पोरगं धंद्यात टिकलंच, तर पुढं काय? त्याचाही धडा याच गावानं घालून दिलाय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली भावाबरोबर बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामुअण्णा इथं विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. मग कडबा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आला. लोखंडानं जमिनीत विष उतरतं म्हणून शेतकरी नांगराला हात लावीनात. तरी माणूस हटला नाही. तेव्हा नगरपालिकेला वस्ती वाढवायची होती, तिनं त्यांना जागा सोडायला लावली. औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, वर कर्जही दिलं, आणि 1910 मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंग आणि साप असलेला माळ होता तो! औंधकरांना आपल्यासारखी सत्कार समिती काढता आली नसावी, म्हणून बिचाऱ्यांनी नुसते पैसे आणि जमीन दिली. बेळगावनं मात्र पुढं रस्त्याला किर्लोस्कर रोड नाव दिलं. आजही तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही, इतका तो मानाचा रस्ता आहे.

म्हणून सांगतो, पोरगं जायला निघालं तर अडवू नका. आमचं पोरगंही हल्ली सुट्टीच्या दिवशी शिनोळीकडं चकरा मारतंय. महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात, हद्द ओलांडली की झालं. शेडच्या मालकानं भाडं वाढवलंय, आणि "तिकडं जागा बघूलालोय काका," असं तो परवा म्हणाला. बिलाचं त्यानं काही काढलं नाही, मीही काढलं नाही.

परत येताना मी त्याच्या शेडपुढचा रस्ता नीट बघून घेतला. अजून बिननावाचाच आहे. उद्या नाव द्यायची वेळ आली तर पाटी लागेल, कन्नड वर, मराठी खाली, आणि असलं सुबक काम दुसरं कोण करणार? तो जायच्या आत ऑर्डर देऊन ठेवायला हवी. पैशाचं काय, देऊ की एकदमच.