चित्र भिंतीवर जाण्याआधी कुणीतरी पाहायला हवं

गोव्यात चित्रप्रदर्शनं कमी होत नाहीत. पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाचं दालन आहे, कांपालला कला अकादमी, आल्तिनोवर सुनापरान्त, पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा, मडगावला रवींद्र भवन. कुठे ना कुठे काहीतरी लागलेलं असतं. २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव येतो, तेव्हा तर पणजीत पाय ठेवाल तिथे कलाकृती दिसते. तरीही आपल्याकडच्या चित्रकाराला ज्याची सगळ्यात जास्त गरज आहे ते त्याला सहसा मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. काम अर्धवट असताना दुसऱ्या चित्रकाराने ते शांतपणे पाहावं आणि त्याबद्दल खरं बोलावं, एवढीच ती गरज.

उद्घाटनाला माणसं येतात. समई पेटते, भाषणं होतात, फोटो निघतात, "खूप छान", "अप्रतिम" असं म्हणून लोक हातात हात देतात. त्या प्रेमाची मला किंमत आहे. लांबून बस बदलून आलेला नातेवाईक चित्रासमोर उभा राहतो तेव्हा चित्रकाराला किती बरं वाटतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. पण वर्षभर एका विषयाशी झगडलेल्या माणसाला आणखीही काही हवं असतं. बघणाऱ्याची नजर कुठे थांबली, कुठे घसरली, या मालिकेतलं तिसरं चित्र बाकीच्यांशी बोलतंय का, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं असतं. आणि प्रदर्शन लागल्यावर ते कळून फारसा उपयोग नसतो. तोवर चौकट झालेली असते, किंमत लिहून झालेली असते.

आपल्या नाटकवाल्यांकडे बघा. गावच्या जत्रेतलं नाटक असो की कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा, प्रयोगाआधी महिनाभर तालीम चालते. ती बघायला गावातली जुनी नटमंडळी येऊन बसतात. कुणीतरी म्हणतं, दुसऱ्या अंकात तू फार लवकर रडतोस. कुणी उठून चालून दाखवतं. प्रयोग झाला की बाहेर गाड्यावर चहा आणि भजी खाताना रात्री उशिरापर्यंत त्याचीच चर्चा. पुढे वर्तमानपत्रात परीक्षण येतं आणि त्यावरही वाद होतो. गोव्यातला हौशी नट जसा घडतो तो या सगळ्या बोलण्यातून घडतो. भजनी मंडळातही तेच, बुवा मध्येच थांबवून सांगतात. चित्रकाराला मात्र तालीमच नाही. तो एकटा खोलीत असतो आणि तिथून थेट दालनात येतो.

हे कायमच असं होतं असं नाही. आपण फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि वासुदेव गायतोंडे या चित्रकारांची नावं अभिमानाने घेतो. एक साळगावात जन्मलेला, दुसरा नागपुरात जन्मलेला पण गोमंतकीय घराण्यातला, आणि दोघेही १९२४ सालचे. त्यांच्या प्रतिभेबद्दल पुष्कळ बोललं जातं. ते एकटे नव्हते, याबद्दल कमी बोललं जातं. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला तेव्हा सूझांबरोबर रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे होते. युरोपातून येऊन मुंबईत राहिलेल्या वॉल्टर लँगहॅमर यांच्या घरी रविवारी चित्रकार जमत, काम दाखवत, बोलत. रुडी फॉन लायडनसारखा समीक्षक त्यांच्या चित्रांवर लिहीत होता. पुढे वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंडे काम करत होते तेव्हा त्याच आवारात हुसेन होते, नसरीन मोहमदी होत्या, नाट्यदिग्दर्शक अल्काझींचं नाटक चालू होतं, रविशंकर संगीत शिकवत होते. गायतोंडे मितभाषी म्हणून प्रसिद्ध. पण तो मितभाषी माणूसही अशा ठिकाणी काम करत होता जिथे दार उघडलं की समोर दुसऱ्याचं काम दिसायचं. १९६४ ते २०१५ पर्यंत जहांगीर आर्ट गॅलरीत सॅमोवार हे कॅफे होतं, तिथल्या टेबलांवर मुंबईच्या कित्येक चित्रकारांच्या गप्पा रंगल्या. गोव्याची माणसं मुंबईत जाऊन मोठी झाली, त्यात या सोबतीचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

आपल्याकडे ही सोबत कॉलेजात असते. आल्तिनोवरचं गोवा कला महाविद्यालय १९७२ साली सुरू झालं, पॅरिसमध्ये दशकभर काम करून आलेले लक्ष्मण पै १९७७ ते १९८७ तिथे प्राचार्य होते. सबमिशनच्या आदल्या रात्री वर्गमित्राने मागून येऊन "तो कोपरा जड झालाय" म्हणणं, हे ज्याने अनुभवलंय त्याला मी काय म्हणते ते कळेल. पदवी मिळाली की ही सोबत संपते. कुणी हायस्कुलात कला शिक्षक होतो, कुणी हॉटेलांच्या भिंती रंगवतो, कुणी ग्राफिक डिझाइनच्या नोकरीत जातो, मुली लग्न होऊन सत्तरी तालुक्यात नाहीतर काणकोणात जातात. ३,७०२ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश, पण उत्तर टोकाच्या पेडण्याच्या चित्रकाराला दक्षिण टोकाच्या काणकोणचा चित्रकार सध्या काय करतोय याचा पत्ता नसतो. फेसबुकवर पूर्ण झालेलं चित्र दिसतं, त्याखाली बदाम आणि टाळ्या.

मग आपल्याला एकमेकांचं काम दिसतं कुठे? स्पर्धेत. दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यांची स्पर्धा, आकाशकंदिलाची, चतुर्थीत गणपतीवर टांगायच्या माटोळीची, शिगम्याच्या म्हणजे आपल्या होळीच्या सणातल्या चित्ररथांची. या स्पर्धांनी पुष्कळ हातांना काम आणि नाव दिलं हे खरं आहे. पण स्पर्धा क्रमांक सांगते आणि थांबते. पहिला, दुसरा, तिसरा, उत्तेजनार्थ. बांबू, तार आणि कागद घेऊन दोन माणसांच्या उंचीचा नरकासुर एका पायावर तोललेला उभा करणारा मुलगा, त्याने तो तोल कसा साधला, हे त्याला कुणी विचारत नाही. माशेलला चतुर्थीत देखावे बघायला लांबून गर्दी होते. ते उभारणाऱ्यांना प्रकाश, जागा आणि बघणाऱ्याची वाट याची जी समज आहे ती मोठ्या महोत्सवातल्या कितीतरी मांडणीशिल्पांत मला दिसत नाही. रानातली फळं-फुलं आणि कंदमुळं ओळखून माटोळी बांधणाऱ्याची रंगाची आणि आकाराची जाण अशीच. तरी यातले कितीतरी जण स्वतःला चित्रकार म्हणवून घ्यायला लाजतात आणि आपल्या पोर्टफोलिओत या कामाचा एकही फोटो लावत नाहीत. बरोबरीच्या माणसाने एकदा "हे तुझं सगळ्यात चांगलं काम आहे, हे पुढे ठेव" असं म्हटलं तरी फरक पडेल.

दुसरीकडे आसगाव, हळदोणे, शिवोली भागात बाहेरून येऊन राहिलेले कलाकार आहेत. त्यांच्या बैठका होतात, स्टुडिओ एकमेकांना खुले असतात. मी त्यांच्यावर रागवत नाही, उलट त्यांच्याकडून हे शिकण्यासारखं आहे. गोवा ओपन आर्ट्ससारख्या कलाकारांनीच चालवलेल्या उपक्रमाने दोन्हीकडच्या लोकांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला, तो मला फार मोलाचा वाटतो. अडचण अशी की बहुतेक ओपन कॉल, म्हणजे काम पाठवण्याची जाहीर आवाहनं, इंग्रजीत असतात, त्यांना आर्टिस्ट स्टेटमेंट, म्हणजे आपल्या कामाबद्दलचं छोटं निवेदन लागतं, आणि साखळीच्या चित्रकाराला ते लिहायला बसलं की आपल्याला काहीच सांगायचं नाही असं वाटू लागतं. तसं नसतं. त्याने ते आधी मराठीत किंवा कोकणीत लिहावं, दोन मित्रांना वाचून दाखवावं, ते कुठे अडखळले ते बघावं आणि मग इंग्रजीत न्यावं. यासाठी फक्त दोन मित्र लागतात.

एकटेपणाचा फायदा घेणारेही आहेत. "आंतरराष्ट्रीय ऑनलाइन प्रदर्शन" म्हणून पैसे भरून घ्यायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर प्रमाणपत्र पाठवायचं, हा धंदा जोरात आहे. माझ्या ओळखीच्या मुलींनी यात पगाराचे पैसे घातलेत. आधी कुणाला तरी विचारता आलं असतं तर ते वाचले असते. गॅलरी विक्रीवर तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कमिशन घेते, मग आपली किंमत कशी लावायची? जून ते सप्टेंबर कॅनव्हासला बुरशी येऊ नये म्हणून काय करायचं? चित्र गुंडाळून दिल्लीला कसं पाठवायचं? हे सगळं ज्ञान आपल्याकडे आहे, पण वेगवेगळ्या घरांत बंद आहे.

आणि बायकांचं. पुरुष चित्रकारांच्या गप्पा होतात, नाही असं नाही, पण त्या रात्री बारमध्ये होतात. वाळपईच्या बाईला सहा वाजल्यानंतर पणजीत थांबायचं म्हणजे शेवटच्या बसची धाकधूक, घरच्यांचे फोन, उद्याच्या डब्याची काळजी. म्हणून अशी बैठक दिवसा हवी, तालुक्याच्या गावात हवी आणि तिथे मूल घेऊन येता यायला हवं. यात वाटाघाटीला जागा नाही.

कसं बोलायचं यालाही रीत लागते, नाहीतर एक तर स्तुती होते नाहीतर भांडण. अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी एक पद्धत बसवली आहे, ती मला आपल्यासाठी योग्य वाटते. आधी बघणाऱ्यांनी सांगायचं की या कामातलं त्यांना काय भिडलं, काय लक्षात राहिलं. मग चित्रकाराने प्रश्न विचारायचे, म्हणजे त्याला ज्याची शंका आहे तिथेच चर्चा जाते. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. "आकाश एवढं रिकामं का सोडलंस?" असं नाही, "आकाशाचा विचार कसा केलास?" असं. आणि शेवटी, मत द्यायचं असेल तर आधी परवानगी मागायची. चित्रकार नको म्हणू शकतो.

ऐकायला हे फार औपचारिक वाटतं. पण गेल्या पावसाळ्यात एका मैत्रिणीकडे आम्ही काहीजण जमलो होतो तेव्हा याचं बळ मी पाहिलं. डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यातला एक तरुण चित्रकार आपली चित्रं घेऊन आला होता. खोदून सोडलेले खंदक, साचलेलं पाणी, उभे असलेले ट्रक. आधी २०१२ आणि मग २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा त्याच्या घरात काय झालं ते या चित्रांत होतं. आमच्यात चिकणमातीचे गणपती करणारे एक काका होते. त्यांनी बराच वेळ बघून विचारलं, "ही माती ओली की सुकी?" तो मुलगा आधी गप्प झाला आणि मग अर्धा तास बोलला. पावसात खंदकाचा रंग दर आठवड्याला कसा बदलतो, वरचा थर, खालचा थर, वडील रंगावरून माल कसा ओळखायचे. त्याच्या पुढच्या चित्रांत ते थर आले. कुठल्याही परीक्षकाने त्याला तो प्रश्न विचारला नसता, कारण त्यासाठी आयुष्यभर माती मळलेली असावी लागते.

मला वाटतं सरकारी दालनांनी यासाठी फार काही करायची गरज नाही. रवींद्र भवनं मडगाव, कुडचडे, साखळी, वास्को इथे आहेत, फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर आहे. महिन्यातून एका सकाळी एक खोली आणि वीस खुर्च्या उघडून दिल्या तरी पुरे. त्यासाठी आम्ही काहीजण अर्ज करणार आहोत. पण उत्तराची वाट बघत थांबायचं नाही असं मी ठरवलंय. पावसाळ्यात प्रदर्शनं कमी असतात, हात मोकळे असतात, तीच वेळ चांगली.

तर जूनपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेदहा ते एक, डिचोलीला आमच्या घरच्या सोप्यावर बसू. एका वेळी तिघांचंच काम बघायचं, म्हणजे प्रत्येकाला पाऊण तास मिळेल. अपुरं काम आणा, चौकट केलेलं नको. चित्र, शिल्प, प्रिंट, फोटो, नरकासुराचा कागदावरचा आराखडा, काहीही. पाहुणे नाहीत, पुष्पगुच्छ नाही, बैठकीचे फोटो काढून टाकायचे नाहीत. बोलणं मराठीत, कोकणीत, ज्याला जसं जमेल तसं. मुलं घेऊन या, आई त्यांच्याकडे बघेल. चहा आणि उसळ-पाव माझ्याकडून.

यायचं असेल त्यांनी इनबॉक्समध्ये नाव आणि कामाचं माध्यम कळवा. आणि काणकोण, सांगे, पेडणे इथून डिचोलीला येणं ज्यांना परवडत नाही त्यांनी माझी वाट बघू नका. तिथे चौघं जमत असाल तर तिथेच सुरू करा आणि मला बोलवा, मी येईन.